आरंभाची स्तुति आणि शेवटाची परीक्षा



तीस वर्षांहून अधिक काळ मीं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. एके वर्षीं एका हुशार मुलाचीं पहिलीं तीन उत्तरें वाचून मी इतका प्रसन्न झालों कीं, पुढचीं पानें उलटण्यापूर्वींच 'हा पहिला येणार' असें शिक्षकांच्या खोलींत बोलून गेलों. पुढें पाहतों तों वेळ संपत आल्यामुळें त्यानें चार पानांचा मजकूर चार ओळींत कोंबलेला! माझे शब्द मात्र तोंवर त्याच्या घरीं पोहोंचले होते. निकालाच्या दिवशीं त्याच्या वडिलांनीं त्याला जें ऐकविलें, त्यांतील निम्में मला ऐकवावयास हवें होतें. दूरचित्रवाणीवरील नामवंत नाट्यमालिका अखेरीस निराशा कां करतात, ह्या आजच्या विषयाचा विचार करतांना मला तो मुलगा आठवतो.

नाटकगृहांत बसलेला टीकाकार शेवटचा पडदा पडल्यावर लेखणी उचलतो. मालिकेचें तसें नाहीं. ती वर्षानुवर्षें चालते. पहिले कांहीं भाग पाहूनच तिच्यावर अभिप्राय लिहिले जातात, पारितोषिकें दर वर्षीं वांटलीं जातात, आणि त्या वेळीं पुढील कथा पुष्कळदां लिहूनही झालेली नसते. तेव्हां आरंभाला मिळालेली स्तुति हें शेवटाच्या नांवावर काढलेलें कर्जच होय. तें फेडण्याची पाळी अखेरच्या भागांवर येते.

याचें एक उदाहरण अमेरिकेंतील 'ट्विन पीक्स' ह्या मालिकेचें. डेव्हिड लिंच व मार्क फ्रॉस्ट यांची ही निर्मिति ८ एप्रिल १९९० रोजीं एबीसी वाहिनीवर सुरू झाली. एका लहानशा गांवांत लॉरा पामर नांवाच्या मुलीचें प्रेत सांपडतें. तिचा खून कोणीं केला, हा प्रश्न देशभर चर्चिला जाऊं लागला. त्याच वर्षीं एमी पारितोषिकांसाठीं मालिकेला १४ नामांकनें मिळालीं. लिंच यांना ह्या प्रश्नाचें उत्तर इतक्यांत द्यावयाचें नव्हतें. गांवाच्या अंतरंगांत शिरण्याची ती वाट होती. परंतु प्रेक्षक अधीर झाले, वाहिनीचा आग्रह वाढला, आणि नोव्हेंबर १९९० मध्यें खुनी उघड झाला. ज्या खुंटीवर सारें टांगलें होतें, ती खुंटीच निघाली. पुढचे बरेच भाग वाट चुकल्यासारखे भटकले, प्रेक्षक पांगले आणि १० जून १९९१ रोजीं मालिका थांबली.

दुसरें उदाहरण 'गेम ऑफ थ्रोन्स'चें. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ही मालिका एचबीओ वाहिनीवर १७ एप्रिल २०११ ते १९ मे २०१९ पर्यंत चालली. तिचे एकंदर ७३ भाग झाले आणि तिला ५९ एमी पारितोषिकें मिळालीं. पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकीं दहा भाग होते. सातव्यांत सात आणि आठव्यांत अवघे सहा. कादंबरीमालेचा पांचवा खंड २०११ सालीं निघाला. त्यानंतरचा खंड येण्यापूर्वींच मालिका पुस्तकांच्या पुढें गेली. शेवटाची रूपरेषा लेखकानें सांगितली होती; पण तेथवर पोहोंचण्याचा रस्ता पटकथाकारांनाच बांधावयाचा होता. वाहिनी आणखी भागांना तयार असतांही त्यांनीं थोडक्यांत आटोपण्याचें ठरविलें. गुलामांना मुक्त करणारी डेनेरिस राणी शरण आलेलें नगर जाळून टाकते, ही घटना प्रेक्षकांना पटली नाहीं. शेवटचें पर्व समर्थ लेखकांकडून पुन्हां करून घ्यावें, अशा अर्जावर १० लाखांहून अधिक लोकांनीं सह्या केल्या.

आपल्या नाट्यशास्त्रांत भरतानें मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पांच संधि सांगितले आहेत. मुखांत बीज पेरावें. निर्वहणांत विखुरलेले सारे धागे एकत्र आणावेत. मधला विमर्श हा संकटाचा व उलटसुलट विचाराचा टप्पा. त्या दृष्टीनें पाहिलें तर दोन्ही अपयशें वेगवेगळीं दिसतात. 'ट्विन पीक्स'मध्यें बीज रुजण्याआधींच उपटलें गेलें. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्यें बीज होतें. डेनेरिसचा पिता वेडा राजा होता, आणि तिच्या क्रौर्याच्या खुणा आधीं दिसल्याही होत्या. उणा पडला तो विमर्श. तिच्या मनांतील उलथापालथ पाहण्यास प्रेक्षकाला जो अवधि हवा होता, तो मिळाला नाहीं. शेवट चुकीचा होता असें मी म्हणत नाहीं. तो न कमावतां आला, एवढेंच म्हणतों.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच शेवटच्या पर्वाला २०१९ सालीं उत्कृष्ट नाट्यमालिकेचें एमी पारितोषिक मिळालें. 'ट्विन पीक्स'ही विस्मृतींत गेली नाहीं. २०१७ सालीं लिंच यांनीं ती १८ भागांत पुन्हां आणली आणि जाणत्यांनीं तिचें स्वागत केलें. शेवट फसला म्हणून आधींचीं वर्षें खोटीं ठरत नाहींत. त्या मुलाचीं पहिलीं तीन उत्तरें आजही माझ्या मतें उत्तमच होतीं, आणि त्यांचे गुण मीं कापले नव्हते.

म्हणून एवढेंच सुचवावेंसें वाटतें. चाललेल्या मालिकेची स्तुति अवश्य करावी, पण ती झालेल्या भागांपुरती. न पाहिलेल्या भागांचें यश आधींच जाहीर करूं नये. आणि निर्मात्यांनींही, टाळ्या कितीही वाजोत, शेवटच्या पानासाठीं वेळ राखून ठेवावा. परीक्षेस बसणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हाच उपदेश करीत असें. परीक्षकानें काय करावें, हें मात्र मला त्या एका मुलानें शिकविलें.