मावळचे पाणी, पुण्याची बिअर

बिअरच्या शंभर भागांतले नव्वदहून अधिक भाग पाणीच असते. म्हणून पुण्याच्या बिअरची ओळख करून घ्यायची तर सुरुवात वेल्ह्याच्या पावसापासून करावी लागते. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून जाणारी गुंजवणी नीरेला मिळते, तिचा थेंबही पुण्याच्या नळाला येत नाही. पण त्याच भागातल्या आंबी आणि मोसे या नद्या पानशेत आणि वरसगाव धरणांत अडवल्या आहेत. तिथले पाणी खडकवासल्यात उतरते आणि पुढे शहरात येते. काळ्या कातळावरून वाहत आलेले हे पावसाचे पाणी मृदू असते, त्यात क्षार थोडे. शहरातल्या बोअरचे पाणी मात्र जड. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हे पुण्यातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असते. ब्रुअरलाही तोच फरक सांभाळावा लागतो.

जगातल्या जुन्या बिअर त्या त्या गावच्या पाण्याने घडवल्या. बोहेमियातल्या पिल्झेनचे पाणी अतिशय मृदू, त्यातून फिकट सोनेरी लागर आली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींत जिप्सम भरपूर, तिथे कडवट पेल एल नावारूपाला आली. डब्लिनचे पाणी कार्बोनेटयुक्त, ते भाजलेल्या धान्याच्या काळ्या स्टाउटला मानवले. आता पाणी यंत्रातून गाळून जवळजवळ कोरे करता येते आणि हव्या त्या गावासारखे बनवताही येते. मोठ्या टाकीत मोजून टाकलेले जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड तेवढ्याला पुरते. मूळ पाणीच मृदू असेल तर त्यात घालायचे सोपे जाते. जड पाण्यातले आधी काढावे लागते, आणि गाळताना बरेचसे पाणी वाया जाते.

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी 2009 साली पुण्यात सुरू झाली. तिचे नाव डूलाली. सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ती काढली आणि बिअरची बाजू ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रुअरने सांभाळली. नाव परदेशी वाटते, पण ते नाशिकजवळच्या देवळालीचे आहे. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहत. काम नाही, उन्हाळा, दारू आणि हिवताप यांनी कित्येकांची डोकी फिरत. त्या अवस्थेला इंग्रज सैनिक ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि ‘डूलाली’ हा वेडसर माणसासाठीचा शब्द इंग्रजीत उरला. बिअरच्या नळालाही इंग्रजीत टॅपच म्हणतात, हा योगायोग मालकांच्या पथ्यावर पडला.

पुढे मुंढव्यात इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी आली आणि मग शहरभर तांब्याच्या व पोलादाच्या टाक्या काचेआडून दिसू लागल्या. ग्रेट स्टेट एल वर्क्सने मीठ घातलेली कोकम एल केली. गोझ नावाची आंबट-खारट बिअर जर्मनीत जुनी आहे, त्यामुळे कल्पना अगदीच नवखी नव्हती. पण उन्हातून आल्यावर मिठाचे कोकम सरबत पिणाऱ्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. मूनशाइन मीडरी पुण्यातलीच. ती मधापासून मीड बनवते. ती बिअर नव्हे, कारण तिच्यात धान्यच नसते. तरी चाखणारे लोक दोन्हींकडचे तेच.

बिअर बनवण्याची रीत थोडक्यात अशी. जव भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट तयार होते. ते भरडून साधारण 62 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले, की दाण्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. गोड पाणी गाळून तासभर किंवा थोडे अधिक उकळतात आणि त्यात हॉप्सची वाळलेली फुले घालतात. कडवटपणा त्यांचा. मग ते निववून यीस्ट सोडतात. एल प्रकारची यीस्ट 20 अंशांच्या आसपास काम करते आणि तिची बिअर दोनेक आठवड्यांत पेल्यात येते. लागरची यीस्ट 10-12 अंशांवर सावकाश काम करते, तिला महिना-दीड महिना द्यावा लागतो. जवाबरोबर तांदूळही चालतो, त्याने बिअर हलकी होते. मात्र तांदूळ आधी वेगळा शिजवून घ्यावा लागतो, कारण माल्टच्या उष्णतेला तो पुरता फुलत नाही. पोह्यांचे तसे नाही. त्यातला दाणा उष्णता आणि पाणी लागून आधीच शिजलेला असतो, ते सरळ माल्टबरोबर भिजवता येतात. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांतल्या इंद्रायणी तांदळाचा यात फारसा शिरकाव झालेला नाही, ही संधी वाया जाते आहे असे म्हणायला हरकत नाही.

बिअर चाखणे हे पिण्याहून वेगळे काम आहे. मराठी बारमध्ये ‘चखणा’ म्हणजे बिअरबरोबरचे मसाला शेंगदाणे, तळलेले पापड, चकली. चाखायची वस्तू बिअर नव्हेच, असा त्या शब्दाचा हिशेब. चाखताना मात्र हा चखणा दूर ठेवावा लागतो. तिखट-मीठ जिभेवर बसते आणि ओठांचे तेल पेल्याला लागले की फेस मरतो. मधे मधे घ्यायला साधा पाव आणि पाणी पुरते.

पेला पुरता स्वच्छ हवा. त्याची परीक्षा साधी आहे. रिकामा पेला पाण्यात बुडवून उलटा धरायचा. पाणी काचेवरून एकसंध पडद्यासारखे उतरले तर पेला ठीक, थेंब थेंब अडकले तर काचेवर तेलकटपणा आहे. बिअर ओतल्यावरही तेच दिसते. खालून वर जाणारे बुडबुडे चांगले, भिंतीला चिकटून बसलेले वाईट. पहिल्यांदा रंग आणि फेस पाहतात. रंग वाळलेल्या गवताइतका फिकट असेल किंवा काळ्या चहासारखा गडद. धूसरपणा गव्हाच्या बिअरला शोभतो, लागरला नाही. मग पेला हलकेच फिरवून वास घेतात. यासाठी बिअर फार थंड नको. आपल्याकडे बाटली बर्फात बुडवून आणतात आणि इतक्या गारव्यात वास उठतच नाही. सात-आठ अंशांच्या पुढे एल बोलू लागते. वाइन चाखणारे थुंकतात, बिअरचा घोट मात्र गिळावाच लागतो. हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतर हळूहळू चढतो आणि किती वेळ रेंगाळतो यावर बरेच ठरते. अनेक बिअर एकामागून एक घ्यायच्या असतील तर फिकटीकडून गडदाकडे आणि कमी कडूकडून जास्त कडूकडे जायचे. छोट्या पेल्यांची पाटी मागवली की नेमकी काळी स्टाउट आधी उचलली जाते आणि पुढच्या सगळ्या बिअर पाण्यासारख्या लागतात.

वासांची नावे बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून आली आहेत, पण वास स्वयंपाकघरातले आहेत. बव्हेरियन गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळ्यामागे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हा पदार्थ असतो, लवंगेमागे 4-विनाइल ग्वायाकॉल, आणि दोन्ही यीस्ट घडवते. बेल्जियमच्या विट बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल सरळ घातलेलीच असते. गडद बिअरमध्ये काकवी, भाजलेला रवा आणि करपू पाहणारी भाकरी सापडते. दोषांनाही ओळखीचे वास आहेत. शिळी, हवा लागलेली बिअर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. नीट न उकळलेलीला उकडलेल्या मक्याचा वास येतो. पूर्ण न आंबलेलीला हिरव्या सफरचंदाचा. घाण शिरलेली व्हिनेगरसारखी आंबते.

या दोषांमधला सर्वांत चिवट दोष डायअसेटिलचा. त्याचा वास लोण्यासारखा. हे निव्वळ साम्य नव्हे. विरजण लावून, घुसळून काढलेल्या लोण्याला जो वास येतो, त्यात डायअसेटिलचाच मोठा वाटा असतो. लिटरला मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाइतके असले तरी सराव असलेल्या नाकाला ते कळते.

ते येते असे. यीस्ट वाढताना एक पूर्वपदार्थ पेशीबाहेर टाकते. तो बिअरमध्ये हळूहळू आपोआप डायअसेटिल बनतो. काम संपत आले की तीच यीस्ट ते पुन्हा आत ओढून घेते आणि बिनवासाचे करून टाकते. म्हणजे केलेली घाण यीस्ट स्वतःच झाडून काढते, फक्त तिला वेळ हवा आणि ऊब हवी. म्हणून लागर शेवटी गार करण्याआधी दोनेक दिवस 16-18 अंशांवर नेऊन ठेवतात. टाकी रिकामी करण्याची घाई झाली, यीस्ट लवकर गारठली, की पूर्वपदार्थ तसाच मागे राहतो. गंमत अशी की त्या दिवशी बिअर चाखली तर ती निर्दोष लागते. लोणी नंतर उगवते, पेल्यात किंवा पिंपात.

हे आधी ओळखण्याची युक्ती मात्र जुनी आणि देखणी आहे. टाकीतून दोन पेले भरतात. एक झाकून गरम पाण्याच्या भांड्यात सुमारे 60 अंशांवर वीसेक मिनिटे ठेवतात, दुसरा तसाच बाजूला. मग पहिला निववून दोन्ही शेजारी धरून हुंगतात. तापवलेल्यात लोणी आणि न तापवलेल्यात नाही, तर बिअर अजून तयार नाही. दोन्हींत लोणी नाही, तर टाकी गार करायला हरकत नाही. तापमापकापेक्षा महाग यंत्र या परीक्षेला लागत नाही. लागते ते हुंगायला बसलेले नाक आणि ‘अजून दोन दिवस’ असे मालकाला सांगण्याची हिंमत.

पण टाकीतून निर्दोष निघालेल्या बिअरलाही लोणी लागू शकते, आणि तेव्हा दोष नळीचा असतो. पिंपापासून नळापर्यंतच्या नळीत जंतू थर धरतात आणि तेही डायअसेटिल तयार करतात. अशा नळ्या साधारण दर पंधरवड्याला अल्कलीच्या द्रावणाने धुवाव्या लागतात. एकाच पिंपातली बिअर एका नळाला लोणकट आणि दुसऱ्याला स्वच्छ लागली, तर ब्रुअरला बोल लावण्याआधी नळी धुतली का ते विचारावे.

मराठी नाकाची खरी अडचण इथेच आहे. ताज्या लोण्याचा वास आपल्याला दोष वाटत नाही. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवून जेवलेल्या माणसाला डायअसेटिल चटकन कळते, पण तो त्याला गुण म्हणून टिपतो. तांदळाचेही तसेच. आंबेमोहराच्या वासामागे 2-असेटिल-1-पायरोलिन हा पदार्थ असतो. बासमतीतही तोच. आंबट बिअरमध्ये काही जंतू हाच पदार्थ आणि त्याचे भाऊबंद तयार करतात, आणि तिथे त्याला उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास म्हणून नापास करतात. भातात आला तर आंब्याचा मोहर, बिअरमध्ये आला तर उंदीर. परीक्षण करणाऱ्याने म्हणूनच आधी वर्णन लिहावे आणि निवाडा नंतर द्यावा. अमेरिकेत 1985 साली सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षक-कार्यक्रमाच्या गुणपत्रिकेत 50 गुण असतात. वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकंदर परिणामाला 10. रूपाला फक्त तीन, हे इन्स्टाग्रामसाठी पेल्याचे फोटो काढणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

परीक्षणापुढच्या अडचणी यापुढे सुरू होतात. छोट्या ब्रुअरीत एका वेळी टाकीभर बिअर निघते आणि बघता बघता संपते. परीक्षण छापून येईपर्यंत ती बिअर उरलेली नसते. पुढची टाकी त्याच नावाची असली तरी तीच असेल असे नाही. हॉप्सचा नवा साठा येतो, यीस्ट एक पिढी पुढे गेलेली असते, बाहेर मे महिना असतो. तारीख न लिहिता दिलेल्या गुणांना म्हणून फारसा अर्थ नसतो.

हॉप्स महाराष्ट्रात पिकत नाहीत आणि पिकण्याची शक्यताही कमी. या वेलीला उन्हाळ्यात पंधराएक तासांचा दिवस लागतो. गुंजवण्यात, 18 अक्षांशाच्या थोडे वर, सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. भारतात थोडे हॉप्स हिमाचलात लाहौलला होतात, बाकीचे जर्मनी-अमेरिकेतून येतात. वाटेत आणि गोदामात ऊब लागली की त्यांचा वास आधी जातो, कडवटपणा त्यामागून.

मग कायदा. मुंबई दारूबंदी कायदा 1949चा. नाव बदलून तो महाराष्ट्राचा झाला तरी चौकट तीच आहे आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा ही अपेक्षा आजही कागदावर आहे. सौम्य बिअरसाठी वय 21, कडक मद्यासाठी 25. मायक्रोब्रुअरीने बिअर आपल्या जागेतच विकायची, ही मूळची अट. 2020च्या टाळेबंदीत ती भरून घरी नेण्याची मुभा मिळाली. तरी अशी बिअर गाळलेली-तापवलेली नसते, ती गारच ठेवावी लागते आणि काही दिवसांत संपवावी लागते. त्यामुळे मुंढव्याची बिअर राजगडाच्या वाटेवरच्या नसरापूर फाट्यापर्यंत पोचणे अवघडच. देशात खपणाऱ्या बिअरपैकी बहुतेक आजही पाच ते आठ टक्के मद्यार्काची ‘स्ट्राँग’ आहे. कारखान्यात तापवलेली असल्याने ती महिनोन्‌महिने टिकते, आणि गावोगावच्या दुकानांच्या फ्रिजमध्ये तीच भेटते. राजगडावर तर मद्याला बंदीच आहे. पायथ्याला शनिवार-रविवारी उतरणाऱ्यांसाठी ताक असते आणि त्यात कधी कधी लोण्याचा एखादा कण तरंगत असतो.