इंग्लंडमध्ये लोक दुसऱ्याच्या शेतातून बिनधास्त धावतात, मालक त्यांना हटकत का नाही?

समजा, सकाळी सकाळी तुम्ही बूट घालून धावायला निघालात. गावाबाहेर पडलात, कुंपण ओलांडलं आणि थेट कुणाच्या तरी गव्हाच्या शेतात शिरलात. समोरून शेताचा मालक ट्रॅक्टर घेऊन आला. आता पुढे काय होईल, याचं चित्र आपल्याकडच्या कुणाच्याही डोळ्यासमोर लगेच उभं राहील.

इंग्लंडमध्ये मात्र तो मालक बहुतेक वेळा हात हलवून "मॉर्निंग" म्हणतो आणि पुढे निघून जातो.

यात त्याच्या चांगुलपणाचा भाग थोडा आणि कायद्याचा भाग जास्त आहे. शेत त्याचं असलं तरी त्यातून जाणारी पायवाट सगळ्यांची असते. 'पब्लिक फुटपाथ' म्हणतात तो हाच. तिथे फुटपाथ म्हणजे रस्त्याच्या कडेची फरशी नाही, तर शेतातून, कुरणातून, कधीकधी कुणाच्या घराच्या अंगणातून जाणारी वाट. त्यावरून चालायचा आणि धावायचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदणीकृत वाटांची लांबी सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर भरते.

हे सगळं नीट समजून घ्यायचं तर ईडेल हे गाव बघायला हवं.

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये, डार्बीशर परगण्यातल्या डोंगरांच्या कुशीत हे चिमुकलं गाव आहे. गावाला रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी दोन्ही शहरांतले धावपटू इथे उतरतात. स्टेशनाबाहेर आलं की दोन पर्याय. दक्षिणेला हॉलिन्स क्रॉसची खिंड आणि तिथून डोंगरधारेवरून ५१७ मीटर उंचीचा मॅम टॉर. उत्तरेला ६३६ मीटर उंचीचं किंडर स्काउटचं विस्तीर्ण पठार. दरीच्या चारही बाजूंच्या धारेवरून पूर्ण फेरी मारायची तर तीसेक किलोमीटरच्या वर पडतं. तिथे त्याची शर्यतही होते.

आता या वाटा आल्या कुठून? धावणाऱ्यांसाठी त्या कुणी आखल्या नाहीत. हॉलिन्स क्रॉसचंच बघा. सतराव्या शतकापर्यंत ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं. गावात कुणी गेलं की शवपेटी खांद्यावर घेऊन लोक ही खिंड चढायचे आणि पलीकडच्या कॅसलटन गावात दफन करायचे. पुढे ईडेलमध्ये सूतगिरणी सुरू झाली, तेव्हा कॅसलटनच्या कामकरी बायका रोज हाच डोंगर ओलांडून कामावर येऊ लागल्या. आज तिथे लोक घड्याळात वेळ लावून धापा टाकत चढतात. अंत्ययात्रेची वाट आता व्यायामाची झाली आहे, पण पावलांचा माग तोच.

आणि ही पावलंच कायद्यात मोजली जातात. एखाद्या वाटेने लोक २० वर्षं सलग, उघडपणे, कुणाची परवानगी न मागता ये-जा करत असतील आणि मालकाने तसा हक्क द्यायचा नाही हे त्या काळात स्पष्ट केलं नसेल, तर ती वाट सार्वजनिक झाली असं इंग्लंडचा कायदा धरून चालतो. आपल्याकडे वहिवाटीचे दावे चालतात, त्यामागच्या ब्रिटिशकालीन १८८२ च्या कायद्यातही २० वर्षांचाच हिशेब आहे. फरक एवढाच, की आपल्याकडची वहिवाट बहुधा एका शेतकऱ्याची दुसऱ्याच्या बांधावरून असते. तिथली वाट मात्र कुणाचीही, अगदी काल मुंबईहून उतरलेल्या पाहुण्याचीही.

वाट एकदा सरकारी नकाशावर चढली की मालकावर बंधनं येतात. पिकातून जाणारी वाट त्याला नांगरता येते, पण पहिल्या नांगरणीनंतर १४ दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. रुंदी किमान १ मीटर. बांधाच्या कडेची वाट तर नांगरताच येत नाही. वाट जाते त्या कुरणात दुभत्या जातीचा १० महिन्यांहून मोठा वळू मोकळा सोडायला बंदी आहे. (वासरं असलेल्या गायींना मात्र ही बंदी नाही आणि तिथल्या धावपटूंना खरी धास्ती त्यांचीच. त्यातून बरोबर कुत्रा असेल आणि गायी अंगावर आल्याच, तर त्याची दोरी सोडून आपण वाट धरावी, असं सांगितलं जातं.)

नवख्या माणसाला वाट सापडावी म्हणून जागोजागी बाण असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही चालेल. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशांवर याच वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. तो नकाशा हातात असला की अनोळखी गावातही धावायचा मार्ग घरबसल्या आखता येतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की इंग्रज जमीनदार मोठ्या मनाचे. तसं अजिबात नव्हतं.

वाटेवरून जायचा हक्क होता, वाट सोडायचा नव्हता. आणि किंडर स्काउटचा जवळजवळ सगळा माथा लोकांना बंद होता. तिथे ग्राउस नावाचे तितराच्या कुळातले पक्षी जोपासले जायचे आणि वर्षातले थोडे दिवस श्रीमंत मंडळी त्यांची शिकार करायची. उरलेले दिवस राखणदार काठ्या घेऊन पहारा द्यायचे. पायथ्याच्या शहरांमधल्या गिरण्यांत आणि कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या पोरांना रविवारी समोरचा डोंगर नुसता बघावा लागायचा.

२४ एप्रिल १९३२. रविवारच होता. हेफील्ड गावाजवळच्या एका दगडखाणीत काही शे तरुण जमले. बेनी रॉथमन नावाच्या २० वर्षांच्या मेकॅनिकने खडकावर उभं राहून भाषण केलं आणि सगळे किंडरवर चढले. राखणदारांशी झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. ईडेलच्या बाजूने आलेली तुकडीही वर भेटली. परत उतरताना पोलिसांनी पकडापकडी केली.

खटला कुठला चालला असेल? इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं शिरणं हा सहसा फौजदारी गुन्हाच नाही, तो दिवाणी मामला. म्हणून दंगलीसारखे आरोप लावले गेले आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनच्या वाट्याला चार महिने आले. डोंगर चढल्याबद्दल!

त्या एका रविवारने कायदा बदलला असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. पदभ्रमण करणाऱ्यांच्या जुन्या संघटनांना हा प्रकार तेव्हा पसंतही नव्हता. पण शिक्षा इतकी कडक होती की सहानुभूती फिरली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि पायवाटांचे अधिकृत नकाशे करायचं काम सुरू झालं. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. किंडर त्यातच येतं. २४ एप्रिल १९६५ ला, तारीख पुन्हा तीच, ईडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी ४३१ किलोमीटरची 'पेनाइन वे' खुली झाली. आणि डोंगरमाथे, माळरानं अशा नकाशावर दाखवलेल्या जमिनीवर वाट सोडून कुठेही फिरायचा हक्क मिळायला २००० सालचा कायदा उजाडावा लागला. तोही इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के जमिनीपुरताच.

ज्या ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या घराण्याकडे तेव्हा किंडरची मालकी होती, त्यांच्या वंशजाने २००२ च्या एप्रिलमध्ये, घटनेला ७० वर्षं झाली तेव्हा, जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत वारले होते.

आज त्याच माथ्यावर धावताना काळ्या, दलदलीच्या मातीत पाय गुडघ्यापर्यंत रुततात. म्हणून पेनाइन वेवर कित्येक ठिकाणी दगडी लाद्या टाकल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा बंद पडलेल्या कापडगिरण्यांमधून काढून आणलेल्या. ज्या जमिनीवर उभं राहून आजोबांनी यंत्रं चालवली, तिच्यावरून आता नातवंडं डोंगरात पळतात. जवळच किंडर डाउनफॉल हा धबधबा आहे. पश्चिमेचा जोराचा वारा सुटला की त्याचं पाणी उलटं वर उडतं, आपल्या नाणेघाटातल्यासारखं.

याच पेनाइन वेवर दर जानेवारीत 'स्पाइन रेस' होते. ईडेलमधून निघायचं आणि बर्फ, चिखल, लांबच लांब रात्री पार करत ४३१ किलोमीटर एका दमात संपवायचे. २०१९ मध्ये ही शर्यत जास्मिन पॅरिस या बाईने ८३ तास १२ मिनिटांत जिंकली. महिला गटात नाही, सगळ्यांत पहिली. आधीचा विक्रम तिने १२ तासांनी मोडला आणि मधल्या थांब्यांवर १४ महिन्यांच्या लेकीसाठी दूधही काढून ठेवत होती.

एवढं असूनही वाटांचं भांडण संपलेलं नाही. शेकडो वर्षं वापरात असलेल्या कित्येक वाटा १९४९ नंतरच्या नकाशांवर चढल्याच नाहीत. कुठे नोंद करायची राहिली, कुठे मालकाचं वजन आड आलं. २००० च्या कायद्याने त्यांच्यासाठी मुदत घातली होती: जुन्या कागदपत्रांच्या आधारे १ जानेवारी २०२६ पूर्वी अर्ज करा, नाहीतर हक्क गेला. 'रॅम्बलर्स' या संस्थेने हजारो स्वयंसेवकांना जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून तपासायला लावलं, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून ४९ हजार मैलांच्या वाटा नोंदीबाहेर असल्याचं दिसलं. म्हणजे जवळपास ७९ हजार किलोमीटर. आधीच्या सरकारने मुदत २०३१ पर्यंत ढकलली. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने ती कायमची काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. पण मुदत गेली म्हणून वाट आपोआप नकाशावर येत नाही. प्रत्येकीसाठी जुना पुरावा शोधून वेगळा अर्ज करावा लागतो आणि कौन्सिलच्या टेबलावर तो वर्षानुवर्षं पडून राहतो.