दंतकथेचे ओझे, दंतकथेचा उपयोग

दंतकथा झालेल्या माणसाचे पुढे काय होते, हे आपण सहसा विचारत नाही. लढाई जिंकली, राज्य सावरले, गोष्ट संपली. तो नायक पुढे म्हातारा झाला, चुकला, खचला, हे ऐकायला आपल्याला नको असते. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द लास्ट जेडाय’ या २०१७ च्या चित्रपटाने नेमके तेच सांगितले आणि चाहत्यांत दोन तट पडले.

थोडे मागे जाऊ या. जॉर्ज ल्यूकस यांचा पहिला ‘स्टार वॉर्स’ १९७७ साली आला. वाळवंटी ग्रहावर शेतात राबणारा ल्यूक स्कायवॉकर जुलमी साम्राज्याविरुद्ध उभा राहतो, अशी ती कथा. १९८३ च्या चित्रपटात याच ल्यूकने सम्राटासमोर आपली प्रकाशाची तलवार फेकून दिली, बापाचा जीव घ्यायचे नाकारले आणि वाट चुकलेल्या बापाला माघारी आणले. प्रेक्षकांनी त्याला देव्हाऱ्यात बसवले.

लेखक-दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी त्याला तिथून खाली उतरवले. त्यांचा ल्यूक एका दूरच्या बेटावर जगापासून तोंड लपवून राहतो. रे नावाची तरुणी मोठ्या आशेने त्याची जुनी तलवार घेऊन येते. तो ती खांद्यावरून मागे भिरकावतो! कारण हळूहळू कळते. शिष्य म्हणून आलेल्या भाच्याच्या मनातला अंधार पाहून, एका रात्री, क्षणभरच, त्याने झोपलेल्या पोरावर तलवार उपसली होती. लगेच तो शरमला, पण पोराने डोळे उघडले होते. बेनचा कायलो रेन झाला तो तिथून.

‘हा आमचा ल्यूक नव्हेच,’ असे पुष्कळांचे म्हणणे पडले. ती भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिल यांनीही आपले मतभेद जाहीरपणे सांगितले. तक्रार समजण्यासारखी आहे. ज्याने बापातला चांगुलपणा शोधला, त्याला भाच्यातला दिसू नये? पण त्याचे गुरू आठवा. ओबी-वान वाळवंटात आणि योडा दलदलीत लपून राहिले, तेही पराभवानंतरच. ल्यूक गुरूंच्याच वाटेने गेला होता.

त्याची बहीण लेया हिचेही रूप बदलले आहे. कॅरी फिशर डिसेंबर २०१६ मध्ये वारल्या. हा चित्रपट त्यानंतर पडद्यावर आला. त्यांची लेया आता राजकन्या नाही, सेनापती आहे. शत्रूचे जहाज पाडताना आपली माणसे गमावणाऱ्या पो डॅमरन या शूर वैमानिकाला ती शाबासकी देत नाही, त्याचा हुद्दा उतरवते. माणसे वाचवणे हाही पराक्रम, हे तिला त्याला शिकवायचे आहे.

आता शेवटची लढाई नीट पाहा. त्या ग्रहावर वर पांढरे मीठ आणि खाली लाल माती. पाऊल पडले की लाल खूण उमटते. ल्यूकच्या पावलांची उमटत नाही. दाढी पूर्वीसारखी गडद, हातात निळी तलवार, जी आधीच मोडलेली आहे. म्हणजे ल्यूक तिथे नाहीच. तो बेटावर बसून आपली प्रतिमा पाठवतो, लोकांच्या मनात असलेल्या ल्यूकची. एकही वार न करता तो भाच्याला अडवून धरतो. त्याचा बेत पो ओळखतो आणि उरलेली मोजकी माणसे मागच्या वाटेने निसटतात. त्या श्रमाने ल्यूकचा प्राण जातो. समोर दोन सूर्य मावळत असतात, १९७७ च्या चित्रपटात त्याने पाहिले होते तसेच.

ज्या दंतकथेचे ओझे वाटून तो पळाला, तीच त्याने शेवटी इतरांच्या कामी लावली.

अखेरीस दूर कुठे तबेल्यात राबणारी पोरे हाताने केलेल्या बाहुल्यांतून ल्यूकची ही गोष्ट एकमेकांना सांगतात. तो कधी काळी घाबरला होता, हे त्यांना ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही त्याच्याविषयी आदर वाटला, तर तो आदर अधिक टिकाऊ म्हणायचा.