आजीचा धवला आणि कॅमेऱ्याचा मेनू

माझी आजी धवलारीण होती, म्हणजे लग्नविधींची धवले ही गाणी गाणारी. नवघर गावात आगरी लग्न असलं की हळदीला तिचेच धवले. 1999 साली दादाच्या हळदीत मामाने तिला हाय-एट कॅमेऱ्यावर टिपलं. पुढे घरच्या व्हीसीआरवर सगळ्यांना बघता यावं म्हणून त्याची व्हीएचएस कॅसेट केली आणि मूळ टेप पुसून बारशाला वापरली. हाय-एटच्या चित्राची स्पष्टता साधारण 400 रेघांची, व्हीएचएसची जेमतेम 240. आजीच्या कपाळावरचं गोंदण कॅसेटमध्ये उतरलंच नाही. उरलंसुरलं खाडीकडच्या दमट हवेतल्या बुरशीने खाल्लं.

यंदा भाचीचं लग्न आहे. आजीचे धवले आता फक्त काकीला येतात, म्हणून मी कॅमकॉर्डर घेतला. मेनू उघडला तर विचारणा: चित्रीकरण कोणत्या फॉरमॅटमध्ये साठवायचं, एव्हीसीएचडी की एक्सएव्हीसी एस?

एव्हीसीएचडी 2006 साली सोनी आणि पॅनासॉनिकने आणला. सेकंदाला 24 मेगाबिट धरले तर तासाला सुमारे 11 जीबी, म्हणजे 32 जीबीच्या कार्डावर तीन तासांच्या आत-बाहेर. जागा कमी लागते, पण चित्र बहुधा एकाआड एक ओळींत विणलेलं असतं. मोबाइलवर पाहताना नाचणाऱ्यांच्या हातांना करवतीचे दाते फुटल्यासारखे दिसतात. शिवाय लांबलचक चित्रीकरणाचे आपोआप तुकडे पडतात. कॉपी करताना एखादीच फाइल उचलू नका, अख्खा फोल्डर घ्या.

एक्सएव्हीसी एस 2013 चा. 50 मेगाबिटला तासाला 22 जीबीच्या वर जातो, कार्ड दुप्पट लागतं. तरी मी तोच निवडला, आणि तो चित्रासाठी नव्हे. माझ्या कॅमेऱ्यात एव्हीसीएचडीचा आवाज दाबून साठवला जातो, एक्सएव्हीसी एसमध्ये न दाबता. धवल्याला ढोलकी नाही, पेटी नाही. उघडा गळा आणि मागून झेलणाऱ्या बायका. तिथे आवाजच सांभाळायला हवा. फोरकेचा मोह मी टाळला. 100 मेगाबिटला तासाला 45 जीबी. पाच दिवसांचं लग्न साठवायचं कुठे, आणि त्याची दुसरी प्रत कधी करायची?

आणखी एक. मेनूत 50 आणि 60 असा पर्याय असला तर 50 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची. 60 वर मांडवातल्या ट्यूबलाइट फडफडताना दिसतात.

मूळ फाइली दोन हार्डडिस्कवर जातील, एक माझ्याकडे, एक ताईकडे वसईला. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर छोटी एमपीफोर पाठवीन, पण ती मूळ प्रतीवरून काढलेली.

परवा रात्री अंगणात चाचणी घेतली. काकी पाटावर बसली, पदर सारखा केला आणि डोळे मिटून गायली. नंतर हेडफोन लावून ऐकलं. दोन ओळींच्या मध्ये ती श्वास कुठे घेते तेही कळत होतं.