तेलाच्या वाटीतले भवितव्य

नरकचतुर्दशीला अभ्यंग करताना, वाचकहो, चोळणाऱ्या हातांचा कधी विचार केला आहे काय? घणसोलीजवळच्या आमच्या तळवलीत मालीशवाल्या मावशींनी परवा विचारले, "सर, पोरगी बारावी झाली. माझंच काम शिकते म्हणते. शिकू देऊ?"

बाळंतिणीला सव्वा महिना मावशी देवासारखी. पुढे ओळख कोण ठेवतो? जपानात मात्र सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी सूचिचिकित्सेच्या व मालीशच्या शाळा काढल्या. म्हणजे ही विद्याच!

मी म्हणालो, "जरूर, पण आधी शरीरशास्त्र. बाळंतिणीची एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर चोळायची नाही, डॉक्टर गाठायचा."

"शिकेल हो," मावशी हसल्या. "पण सोयरीक कोण करील?"

माझ्या एम. ए.च्या पदवीत त्याचे उत्तर नव्हते.