जोत्यातील ओल : उपाय बांधकामातच
महाराष्ट्रातील घराला ऊन छपरातून छळते. तळमजल्याचा शत्रू मात्र जमिनीतील ओल. विटा व काँक्रीट यांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते. भिंतींवर क्षार फुटतात. कोठारातील धान्याला, कापडाच्या गठ्ठ्यांना बुरशी धरते.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोते सभोवतालच्या जमिनीहून किमान ४५० मिलिमीटर उंच असावे. त्यात मुरूम थराथराने भरून, पाणी मारून धुमसाने चोपावा. दगडी सोलिंगवर वाळू पसरून जाड पॉलिथिन अंथरावे. जोड एकमेकांवर घ्यावेत, कडा भिंतीतील ओलरोधक थराशी भिडवाव्यात. त्यानंतरच काँक्रीट व फरशी.

पुढे उणीव उघडकीस आली, तर सारी जमीन उखडावी लागते. म्हणून हा थर झाकला जाण्यापूर्वीच गृहस्वामींनी तो स्वतः पाहावा.