हाड शेतात सापडले, मालकी कोणाची?
जीवाश्मांच्या खासगी विक्रीचा जागतिक वाद आणि गोदावरी-मांजरेचा काठ

बीड : गोदावरीच्या पात्रातून वाळू उपसताना अथवा मांजरेच्या काठी विहीर खोदताना दगडासारखे जड झालेले एखादे हाड हाती लागले, तर त्यावर मालकी कोणाची? जमिनीच्या मालकाची, वाळूच्या ठेकेदाराची, शासनाची, की अभ्यासकांची? प्रश्न वरकरणी गमतीचा वाटेल. परंतु जगाच्या बाजारात अशा हाडांना आज कोट्यवधींचा भाव मिळत असल्याने तो गमतीचा राहिलेला नाही.

अमेरिकेत १९९० मध्ये सापडलेला 'स्यू' या नावाचा टायरनोसॉरस रेक्स डायनोसॉरचा सांगाडा न्यायालयीन वादानंतर १९९७ मध्ये लिलावात निघाला आणि सुमारे ८३ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला. शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने मोठ्या उद्योगांच्या साहाय्याने तो घेतला, म्हणून तो लोकांसाठी खुला राहिला. २०२० मध्ये 'स्टॅन' नावाच्या सांगाड्याला ३ कोटी १८ लाख डॉलर मिळाले. जुलै २०२४ मध्ये 'एपेक्स' या स्टेगोसॉरसच्या सांगाड्याने ४ कोटी ४६ लाख डॉलरचा टप्पा गाठला. तो एका धनाढ्य गुंतवणूकदाराने घेतला. एवढी रक्कम मोजणे बहुतेक सार्वजनिक संग्रहालयांच्या आवाक्यात नाही आणि वादाचे मूळ येथेच आहे.

दोन्ही बाजू

विक्रीचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ऊन, पाऊस आणि वारा यांमुळे उघडा पडलेला जीवाश्म काही वर्षांत झिजून नष्ट होतो. तो शोधणारे, खणून काढणारे आणि स्वच्छ करणारे हात पैशांशिवाय कामाला लागत नाहीत. इंग्लंडच्या लाइम रीजिस येथील मेरी ॲनिंग हिने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समुद्रकाठच्या कड्यांतून जीवाश्म काढून विकले, त्यावरच पोट भरले आणि याच विक्रीतून जीवाश्मशास्त्राचा पाया घातला गेला.

विरोधकांचा मुद्दा असा, की विज्ञान पडताळणीवर उभे असते. एका अभ्यासकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला तोच नमुना पाहून तपासता आला पाहिजे. नमुना एखाद्याच्या दिवाणखान्यात असेल, तर आज दार उघडेल. उद्या मालक बदलला की ते बंद होईल. त्यामुळेच पृष्ठवंशीय जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना अशा विक्रीस सातत्याने विरोध करीत आली आहे. टायरनोसॉरस रेक्सचे सार्वजनिक संग्रहांपेक्षा अधिक नमुने खासगी व व्यापारी हातांत असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले.

देशोदेशीचे कायदेही निरनिराळे आहेत. अमेरिकेत खासगी जमिनीतील जीवाश्म जमीनमालकाचा. मात्र केंद्र शासनाच्या जमिनीवरील जीवाश्मांना २००९ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. मंगोलिया आणि ब्राझील येथे जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता आहे. मंगोलियातून चोरून नेलेला टार्बोसॉरसचा सांगाडा २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. तथापि मंगोलियाने दाद मागितल्यावर २०१३ मध्ये तो परत करण्यात आला.

तलवार आणि हाड

लंडनमधील लिलावातून नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये मिळविली, तेव्हा वारसा पैसे मोजून परत आणता येतो, असा समज दृढ झाला. जीवाश्माच्या बाबतीत मात्र हे अर्धेच खरे आहे. तलवारीवर लेख कोरलेला असतो. ती कोणाची, हे ती स्वतःच सांगते. हाडावर काहीच लिहिलेले नसते. ते किती खोल, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडले, हीच त्याची वंशावळ. थरातून उपटलेले हाड नंतर कितीही किंमत देऊन परत आणले, तरी ती माहिती परत येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा हे याचे उत्तम उदाहरण. तेथे डायनोसॉरच्या हाडांबरोबरच त्यांची अश्मीभूत विष्ठाही सापडते. दिसायला ओबडधोबड असलेल्या या गोळ्यांना शोभेची वस्तू म्हणून फारसे मोल नाही. परंतु भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये त्यांतील वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष तपासले, तेव्हा डायनोसॉरच्या काळातही गवत अस्तित्वात होते, हे सिद्ध झाले. बाजारभाव आणि ज्ञानाचे मोल यांचा मेळ बसतोच असे नाही.

बीडच्या भूमीत काय?

बीड जिल्ह्याचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. तप्त लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. त्यामुळे येथील खडकात डायनोसॉर शोधण्यापेक्षा नद्यांच्या गाळाकडे पाहणे योग्य ठरते. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा केज तालुक्यातील धनेगावच्या धरणात अडून पुढे लातूरकडे जाते. या दोन्ही नद्यांच्या जुन्या गाळात व खडेवाळूच्या घट्ट थरांत प्राचीन प्राण्यांचे अवशेष दडलेले आहेत. गोदावरीच्या गाळातील प्राचीन हत्तीची नोंद नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथून १९०५ मध्येच झाली होती. मांजरेच्या काठी लातूर जिल्ह्यातील हरवाडी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्ती आणि पाणघोडा यांचे जीवाश्म मिळाले. आज टँकरची वाट पाहणाऱ्या या मुलखात एके काळी पाणघोडे डुंबत होते, ही गोष्ट त्या हाडांमुळेच कळली.

हे थर वाळूच्या खाली वा शेजारीच असतात. यंत्राने पात्र खोलवर खरवडले, की वाळूबरोबर तेही जातात. म्हणजे लिलावाच्या हातोड्याआधी येथे पोकलेनचा फावडा पोहोचतो. चोरट्या वाळू उपशाविषयी बोलताना पाण्याची पातळी आणि महसूल यांची चर्चा होते. या तिसऱ्या हानीची होत नाही.

कायद्यातील पोकळी

सापडलेल्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक केले. पुरातन वस्तूंच्या विक्रीवर आणि निर्यातीवर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आणले. परंतु हे दोन्ही कायदे मनुष्याने दडविलेल्या अथवा घडविलेल्या वस्तू डोळ्यांपुढे ठेवून झालेले आहेत. त्यांत जीवाश्मांचा स्पष्ट उल्लेख नाही. राज्याच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार खनिजांवर शासनाचा हक्क असतो. पण हत्तीचा दात म्हणजे खनिज नव्हे.

ही पोकळी भरण्यासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागास व्यापक अधिकार आणि नुकसान करणाऱ्यास शिक्षेची तरतूद होती. सर्व अधिकार एकाच खात्याकडे गेल्यास विद्यापीठांतील संशोधनालाच अडथळा होईल, असा आक्षेप काही जीवाश्मशास्त्रज्ञांनी घेतला. कायदा हवा, पण तो अभ्यासकाला चोर ठरविणारा नसावा, असा त्यांचा आग्रह आहे.

संग्राहक शत्रूच का?

खासगी संग्राहकाला सरसकट दोषी धरणेही अन्यायाचे होईल. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे लामतुरे कुटुंबाने जमविलेल्या प्राचीन वस्तूंमधूनच शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. मराठी घरांतील देव्हाऱ्यात पूजला जाणारा शाळिग्राम हाही मुळात गंडकीच्या खोऱ्यातला सागरी जीवाचा जीवाश्म आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो श्रद्धेने जपला गेला. प्रश्न जपण्याचा नसून दडविण्याचा आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर यातून मध्यम मार्ग काढण्यात आला : जीवाश्म गोळा करण्यास परवानगी, मात्र महत्त्वाच्या नमुन्याची नोंद केलीच पाहिजे.

आपल्याकडे अशी नोंद करायची, तर शेतकऱ्याला भीती वाटता कामा नये. हाड सापडल्याचे कळविले, की पंचनामा होईल, विहिरीचे काम थांबेल, या धास्तीने ते मुकाट्याने बांधावर फेकले जाते किंवा भंगारासारखे दिले जाते. खबर देणाऱ्याचा सन्मान, कामाचा खोळंबा झाल्यास भरपाई आणि सापडलेल्या वस्तूच्या नोंदीत त्याच्या गावाचे नाव, एवढे झाले तरी बाजाराच्या प्रलोभनाला उत्तर मिळेल. नागरिकांनीही असा अवशेष दिसल्यास तो न हलविता छायाचित्र काढावे, खोली व जागा टिपून ठेवावी आणि तहसील कार्यालयास, डेक्कन कॉलेजला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास कळवावे.

कोट्यवधींचे लिलाव न्यूयॉर्कला होतात. त्यांवर बीडचा काही इलाज नाही. मात्र गोदावरी-मांजरेच्या थरांत जे उरले आहे, ते ओळखण्याआधीच वाळूच्या ट्रकमधून जाऊ द्यायचे की नाही, हे ठरविणे येथील लोकांच्या आणि प्रशासनाच्या हाती आहे.